सापाची लस: दहा व्हायल का लागतात
देशी कंपन्यांची सर्पदंशाची लस कमजोर, म्हणूनच ग्रामीण रुग्णालयात दहा-दहा व्हायल (लसीच्या कुप्या) लावतात, असं अनेकदा म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. मानकानुसार १ मिली लसीनं नाग आणि घोणस यांचं ०.६ मिग्रॅ, मण्यार आणि फुरसं यांचं ०.४५ मिग्रॅ विष निष्प्रभ व्हायला हवं. म्हणजे १० मिलीच्या व्हायलनं घोणसीचं ६ मिग्रॅ. एका चाव्यात ती सरासरी साठेक मिग्रॅ विष सोडते. हिशेब दहावरच येतो.

खरी उणीव वेगळी आहे. ही लस घोड्यांना सापाचं विष टोचून, त्यांच्या रक्तातून बनवतात. ते विष बहुतांश तमिळनाडूतून येतं. विदर्भातल्या घोणसीचं विष तंतोतंत तसंच असेल असं नाही. कंपन्यांनी इकडचंही विष घ्यायलाच हवं.

आणि वापरात दोन चुका फार महाग पडतात. व्हायलमधली लसीची पावडर पाण्यात विरघळेना म्हणून व्हायल जोरात हलवतात, मग नुसता फेस होतो. तळव्यांत धरून हळूहळू फिरवावी. दुसरी, विषानं रक्त गोठणं बिघडलंय का हे पाहायची २० मिनिटांची चाचणी प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत करतात. तिथं चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही. नळी नवी, कोरडी, काचेचीच हवी.