इंद्रजालच्या कव्हरवरचा वेताळ आणि आतला वेताळ वेगळा का?

रंकाळ्याचा_वारा
मंडळी एक विचारायचं होतं. मंगळवार पेठेत मामाचं जुनं घर उतरवायला काढलंय, माळ्यावरनं ट्रंक खाली घेतली तर आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा निघाला, सुतळीनं आवळून बांधलेला. वरच्या दोन अंकांची वाळवीनं चाळण केलीय पण खालचे अकरा वाचतील असे आहेत. तळाच्या काहींवर किंमत ६० पैसे.

तर प्रश्न असा की कव्हरवरचा वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) आणि आतला वेताळ एकच माणूस वाटत नाही. बाहेर रंगवलेला, अंगावर उजेड पडलाय, मागं अंधारं जंगल, आणि पान उलटलं की आत एकदम साधी रेघ, सपाट रंग, चेहरा पण जरा गोलसर. मामा म्हणतो एकानंच काढलंय, कव्हरला जरा जास्त वेळ घेतला असंल. मला काय पटंना. नाव शोधलं तर ली फॉक सोडून कुणाचं सापडत नाही. कुणाला माहीत आहे का?

कागदी_किडा
मामांना सांगा दोघंजण आहेत, आणि दोघांच्या मधे अख्खा समुद्र आहे 😄

ली फॉक लेखक. वेताळ त्याने १९३६ ला सुरू केला, अमेरिकेतल्या पेपरात रोज तीन-चार चौकटी यायच्या. चित्रं आधी रे मूरची, मग विल्सन मॅकॉयची. तुम्ही साधी रेघ आणि गोल चेहरा म्हणताय म्हणजे आतलं काम मॅकॉयचंच असणार. गंमत बघा, मॅकॉय १९६१ ला गेला आणि इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी चालू केलं मार्च १९६४ ला, म्हणजे आपल्याकडच्या पोरांनी तो वाचायला घेतला तेव्हा काढणारा माणूस जाऊन तीन वर्षं होत आली होती. त्याच्यानंतर साय बॅरी आला, त्याचा वेताळ जास्त पिळदार.

आता कव्हर. पेपरातल्या स्ट्रिपला कव्हर कुठलं असणार, ते इथंच करून घ्यायला लागायचं. सुरुवातीच्या साधारण ५० अंकांची कव्हरं गोविंद ब्राह्मणिया यांची आहेत, बी. गोविंद म्हणून ओळखतात. अमेरिकेत गोल्ड की कंपनीच्या वेताळाला जॉर्ज विल्सनची रंगवलेली कव्हरं असायची, जाणकार लोक गोविंदना त्याच्या तोडीचं मानतात. आणि तरी आपल्यातल्या दहा जणांना विचारा, नऊ जण म्हणतील कोण गोविंद.

जाता जाता, आतल्या चौकटी पण जशाच्या तशा नाहीत. पानात बसवायला कापाकापी केलीय, आणि मूळ बंगाला देशाचं आपल्याकडं डेंकाली केलं, बंगालशी घोळ नको म्हणून.

पेठेतला_पेंटर
मी तीसेक वर्षं दुकानांचे बोर्ड, तालमींचे बोर्ड, थेटरचे बॅनर रंगवले, आता डिजिटल फ्लेक्सनं आमचं दुकान बसलं ते सोडा. ही कव्हरं मी शाळेत असताना एसटी स्टँडच्या स्टॉलवर दोरीला चिमट्यानं अडकवलेली बघायचो, पैसे नसायचे त्यामुळं नुसतं कव्हरच बघायचो, म्हणून सांगू शकतो.

वेताळ रंगवणं लई अवघड काम आहे. शिवाजी महाराज काढा, राजा काढा, अंगरख्याच्या घड्या असतात, दागिने असतात, हात चुकला तर शेल्यात लपवता येतो. वेताळाचा पोशाख अंगाला चिकटलेला, एक घडी नाही, म्हणजे उघडं अंगच रंगवायचं आणि ते पण एकाच रंगात. खांदा कुठं संपतो आणि दंड कुठं सुरू होतो ते फक्त उजेड-सावलीवर दाखवायला लागतं. त्यात डोळ्याला बुबुळ नाही, मुखवट्यात नुसते पांढरे डोळे. मग राग दाखवायचा कशानं? जबड्यानं आणि मानेनं. गोविंदसाहेबांचा वेताळ बघा, मान कशी वळलीय त्यावरनं कळतं समोर कोण आलंय ते.

शिवाय वरची जागा नावाला सोडायला लागते, चित्राचं डोकं कापलं जाता कामा नये, आणि दहा फुटावरनं पोराला कळलं पाहिजे. हे बोर्डवाल्यालाच कळतं.

आपल्या कोल्हापुरात बाबूराव मेस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले, धंद्याचं नावच आडनावाच्या जागी बसलं एवढा मान. आणि हिकडं घराघरात पोचलेली चित्रं काढणाऱ्याचं नाव ट्रंक उघडल्यावर विचारायला लागतंय.

गंगावेस_कट्टा
पेंटर काका नाद खुळा लिवलंय 🙏 पण खरं बोलू का, राग नका मानू. कव्हरं भारी, मान्य. ह्याच गोविंदनी पुढं इंद्रजालमधलाच आपला देशी हिरो बहादूर काढला ना? तो मला कायम ताठ वाटत आलाय. मारामारीत सगळे फोटोला उभारल्यासारखे. साय बॅरीचा ठोसा बसला की आपला जबडा दुखायचा, बहादूरचा बसला की कळायचं की ठोसा बसलेला आहे.

कागदी_किडा
भावा ठोशाचं थोडंफार मान्य. पण तू बहादूर मारामारीसाठी बघतोयस तिथंच चुकतंय. १९७६ च्या डिसेंबरात आला तो, लेखक आबिद सुरती. १९७२ ला चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायणांपुढं शस्त्रं ठेवलेली, चारच वर्षांनी हा हिरो, दरोडेखोराचा पोरगा, बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानंच वाढवलेला. ह्याला नमुना कुठला होता समोर? वेताळाला मूरपासनं मळलेली वाट होती. बहादूरला भगवा कुर्ता आणि खाली जीन्स, हे कागदावर पहिल्यांदा गोविंदनाच उभं करायचं होतं. त्यातली माणसं बघ, धोतर कसं नेसलंय, फेटा कसा गुंडाळलाय, मुखिया उकिडवा कसा बसलाय. न्यूयॉर्कमधल्या माणसाला दहा जन्मात जमलं नसतं. पुढं त्यांच्या मुलानं, प्रमोद ब्राह्मणियांनी, बहादूर काढला, दोन्ही शेजारी ठेवून बघ एकदा.

पेठेतला_पेंटर
कट्टा, ताठ म्हणतोस ते बरोबर आहे, मी पण म्हणीन. कव्हर काढणाऱ्या माणसाचं असंच होतं, एका चित्रात सगळं सांगायची सवय लागलेली असती, मग प्रत्येक चौकट कव्हर होऊन बसती. पळणारा माणूस पुढच्या चौकटीत सांडायला पाहिजे, तो सांडत नाही. पण घोडे बघ रे बाबा. घोड्याला ताठ म्हणून दाखव.

गंगावेस_कट्टा
घोड्यांवर आमची हरकत नाही काका 😂 घोडे जगात भारी.

रंकाळ्याचा_वारा
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मामाला घेऊन अंगणात उजेडात बसलो आणि एकेक कव्हर बघितलं. काकांनी सांगितलेलं मानेचं मामाला दाखवलं तर त्यानं अंक हातातनं घेतला आणि बराच वेळ दिलाच नाही. मग म्हणाला ह्यातला एक मी शेजारच्या पोराकडनं दोन गोट्या आणि एक भवरा देऊन घेतलेला, आत काय गोष्ट होती आठवत नाही, कव्हर आठवतंय. मधल्या दोन अंकांत बहादूर पण निघाला, घोडे खरंच भारी आहेत.

एका कव्हरचा कोपरा सुटतोय, सेलोटेप लावू का?

पेठेतला_पेंटर
अजिबात नको!! पिवळी पडती आणि काढताना रंग घेऊन येती. कोपरा तसाच राहू दे, कोऱ्या कागदात गुंडाळून सपाट ठेव, सुतळी परत बांधू नको. आणि घर बांधून होईपर्यंत ठेवायला जागा नसली तर माझ्याकडं आणून दे, मी बघतो म्हणजे सांभाळतो.

गंगावेस_कट्टा
काका बघतो म्हणाले ते खरं, सांभाळतो नंतर सुचलं 😂