सुधारणाऱ्या शाळेला पुरस्काराच्या गुणतक्त्यात जागा कुठे?

दिघ्याचे पालक

सप्रेम नमस्कार. दिघा परिसरातील महापालिकेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे. आमच्याकडे येणारी बरीचशी मुले दगडखाणीवर, नाक्यावर किंवा कंपन्यांत कंत्राटी काम करणाऱ्या कुटुंबांतली असून, भाड्याची खोली बदलली की त्यांची शाळाही बदलते. तीन वर्षांपूर्वी चौथीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडा सलग वाचता येत नव्हता. बाईंनी रोज शाळा सुटल्यावर पाऊण तास घेऊन हे चित्र पालटले आणि आज न वाचणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

२०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या राज्य सरकारच्या शाळांसाठीच्या स्पर्धात्मक अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात आम्ही भाग घेतला. मूल्यांकनासाठी आलेल्या मंडळींनी परसबाग, भिंतींवरची चित्रे, स्वच्छतागृहे आणि फायली पाहिल्या. एकाही मुलाला पुस्तक उघडायला सांगितले नाही. आम्ही पहिल्याच फेरीत मागे पडलो, त्याचे फारसे दुःख नाही. शाळा आज कुठे आहे यापेक्षा ती कुठून इथवर आली याला गुण देणारी एखादी सरकारी योजना आहे का, आणि नसल्यास आमच्यासारख्यांनी तयारी कशी करावी, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त केंद्रप्रमुख, शहापूर

आपली तक्रार अर्धी रास्त आहे. त्या टप्प्यात एकूण १५० गुण होते. त्यांपैकी पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३ गुण होते. त्याआधीच्या पहिल्या टप्प्याची विभागणी निराळी होती. तेव्हा १०० पैकी ६० गुण विद्यार्थिकेंद्रित उपक्रमांना दिले होते. म्हणून गेल्या खेपेची फाईल उघडून तीच पुन्हा रंगवण्याऐवजी त्या त्या वर्षाचा शासन निर्णय मुळातून वाचावा. मी स्वतः अशा मूल्यांकन समित्यांवर बसलो आहे. दिवसाला चार-पाच शाळा उरकायच्या असल्या की डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना गुण देणे सोपे जाते आणि मुलाला जवळ बसवून वाचायला लावणे राहून जाते. याचा दोष आम्हा तपासणाऱ्यांकडेही जातो.

मात्र समितीला सुधारणा दिसत नाही याचे दुसरे कारण शाळेतच असते. ‘तीन वर्षांपूर्वी निम्म्याहून अधिक मुले वाचत नव्हती’ असे आपण लिहिता, पण त्या वेळची नोंद आज दाखवता येईल का? मुलांची नावे, तारीख, वाचायला दिलेला उतारा आणि तपासणाऱ्याची सही असलेला साधा तक्ता असेल, तर समितीला तो बाजूला सारता येत नाही. नसेल, तर आपले म्हणणे खरे असूनही ते केवळ म्हणणेच राहते.

सानपाड्याची शिक्षिका

पीएम श्री योजना मागे पडलेल्या शाळांना वर आणण्यासाठी आहे असा काही पालकांचा गैरसमज असतो, म्हणून लिहिते. केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेली ही योजना देशभरातील सुमारे १४,५०० शाळांसाठी असून तिचा पाच वर्षांचा खर्च २७,३६० कोटी रुपये धरला होता. निवडीसाठी शहरी शाळेला किमान ७० टक्के आणि ग्रामीण शाळेला ६० टक्के गुण लागत, शिवाय एका तालुक्यातून किंवा एका नागरी स्थानिक संस्थेतून जास्तीत जास्त दोनच शाळा घेतल्या जात. थोडक्यात, जी शाळा आधीच पायावर उभी आहे तिला पुढे नेणारी ही योजना आहे. तिथे आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

त्यापेक्षा ‘शाळा सिद्धी’ या शाळांच्या स्वयंमूल्यमापनाच्या आराखड्याकडे नव्याने पाहावे. २०१५ मध्ये आलेल्या त्यात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. प्रत्येक मानकावर शाळेने आपला स्तर स्वतः ठरवायचा आणि सुधारणेचा प्राधान्यक्रमही लिहायचा असतो. बहुतेक ठिकाणी हा तक्ता मार्चमध्ये घाईने वरचा स्तर टाकून भरला जातो, आणि मग पुढच्या वर्षी दाखवायला सुधारणाच शिल्लक राहत नाही! प्रामाणिकपणे खालचा स्तर लिहिण्याचे धैर्य मुख्याध्यापकांनी दाखवले, तर दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवणे हाच पुरावा ठरतो.

घोडबंदरकर

माझी बहीण अमेरिकेत शिक्षिका आहे, तिच्याकडून कळलेले सांगतो. तिथे १९८२ पासून ‘नॅशनल ब्लू रिबन स्कूल्स’ हा केंद्रीय सन्मान होता आणि त्यात दोन वेगळ्या वाटा होत्या: एक राज्यात अव्वल निकाल लावणाऱ्या शाळांची, दुसरी गरीब किंवा मागे पडणाऱ्या मुलांचे आणि इतर मुलांचे अंतर कमी करणाऱ्या शाळांची. रोख रक्कम नसे, फलक आणि ध्वज मिळे. २०२५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने तो बंद केला, पण आपल्याकडे घेण्याजोगी गोष्ट ही दुसरी वाट आहे असे मला वाटते. आपल्याकडे ‘माझी शाळा, सुंदर शाळा’च्या त्या टप्प्यात राज्यस्तरावर पहिल्या शाळेला ५१ लाख रुपये ठेवले होते. त्यांतला एक हिस्सा सुधारणेच्या गटासाठी वेगळा काढला तर बिघडले कुठे?

निवृत्त केंद्रप्रमुख, शहापूर

कल्पना चांगली आहे, पण अंतर मोजायला दोन्ही टोकांना तीच मुले हवीत. दिघ्यासारख्या वस्तीत यंदाची चौथी आणि गेल्या वर्षीची चौथी यांची तुलना केली, तर आपण शाळेऐवजी खोल्यांचे भाडेच मोजत बसू. म्हणून वर्गाऐवजी मुलाचा माग ठेवावा. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि सत्रांच्या शेवटच्या दोन संकलित चाचण्या यांचे भाषा व गणिताचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शाळांची माहिती एकत्र ठेवणाऱ्या सरकारी केंद्राच्या, चॅटबॉटवर भरले जातात. ते भरण्याआधी वर्गशिक्षकांच्या वहीत मुलागणिक एका ओळीत उतरवून ठेवले, तर वर्षाअखेरीस कोण किती पुढे गेले हे मुख्याध्यापकांना बसल्या जागी सांगता येते. मध्येच शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावे खोडू नयेत, फक्त तारखेसह शेरा लिहावा.

आणखी एक. शाळा विकास आराखडा करणे हे कायद्याने आपल्याच शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे आणि त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मूळ स्थितीचा तक्ता या आराखड्यालाच जोडा, म्हणजे मुख्याध्यापकांची बदली झाली तरी तो दप्तरात राहील.

दिघ्याचे पालक

सर्वांचे आभार. काल बाईंकडे चौकशी केली, तेव्हा तीन वर्षांपूर्वीची वाचनाची वही त्यांच्या घरी सापडली. नावे आणि तारखा आहेत, सही मात्र कुणाचीच नाही. त्यांतली किती मुले अजून आमच्याच शाळेत आहेत हे हजेरीपटावरून काढायला घेतले आहे. येत्या सभेत त्या मुलांचे वाचन पालकांसमोर पुन्हा घेऊन, उपस्थितांच्या सह्यांसह ते इतिवृत्तात नोंदवावे असे ठरले आहे. जुन्या वहीवर आज सही घेण्याचा मोह एका सदस्याला झाला होता. बाईंनीच त्याला नकार दिला.