‘करंट कमी येतोय’ म्हणजे नक्की काय कमी येतं?

विज्ञानशिक्षिका
दहावीच्या सराव परीक्षेत एका मुलाने लिहिलंय, ‘करंट कमी आल्यामुळे आमची विहिरीवरची मोटार जळाली.’ मी लाल रेघ मारली आणि मग अडले. गावात सगळेच असं म्हणतात, माझ्या माहेरीसुद्धा. हा ‘करंट’ म्हणजे पुस्तकातली विद्युतधारा समजायची का? दुसरी अडचण ‘विभवांतर’ची, म्हणजे व्होल्टेजला पुस्तकात जो शब्द आहे त्याची. एका मुलीने विचारलं, ‘बाई, हे अंतर किती मीटर असतं?’ त्याऐवजी ‘दाब’ शिकवला तर चालेल का?

मोटार भरणारा
ताई, तीस वर्षं मोटारी भरतोय, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देतोय. गिऱ्हाईक हेच वाक्य बोलत दुकानात येतं. त्याला म्हणायचं असतं की व्होल्टेज कमी होतं. करंट तर उलट जास्त झालेला असतो! पाणी तेवढंच उचलायचं, म्हणून मोटार कमी व्होल्टेजवर जास्त अँपिअर, म्हणजे जास्त करंट, खाते. थ्री फेजला 415 व्होल्ट मिळायला हवेत. 330 च मिळाले, तर अँपिअर साधारण सव्वापट होतात. तारेची उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीच्या वर. तारेवरचं वार्निश करपतं, वेटोळे आपसात शॉर्ट होतात. तारेला क्लँप मीटर (करंट मोजायचा चिमटा) लावून दाखवलं की गिऱ्हाइकाला पटतं. मोटार नुसती घूं करत राहिली आणि फिरलीच नाही, तर अँपिअर नेहमीच्या कितीतरी पट चढतात.

विज्ञानशिक्षिका
म्हणजे मुलाचं निरीक्षण खरं आहे, फक्त शब्दाने अर्थ उलटा केला! पण मग पिवळा बल्ब मिणमिणतो तेव्हा?

मोटार भरणारा
तिथे व्होल्टेज कमी, तसा करंटही कमी. बल्बची तार जे मिळेल तेवढ्यावर भागवते, मोटार तसं करत नाही. म्हणून बल्बकडे बघून मोटारीचा अंदाज बांधू नये.

शब्दवेडा
बोलीतल्या ‘करंट’ला निदान तीन अर्थ आहेत. ‘करंट बसला’ म्हणजे शॉक. ‘करंट कमी आहे’ म्हणजे दाब कमी. आणि ‘तारेत करंट आहे का बघ’ म्हणजे तार जिवंत आहे का. या तिसऱ्यात गंमत आहे. बटण बंद असताना फेजच्या तारेतून धारा वाहतच नसते, तरी आपण ‘करंट आहे’ म्हणतो. टेस्टर लावला की त्यातल्या मोठ्या रोधातून (धारेला अडवणाऱ्या भागातून) आणि आपल्या अंगातून अगदी नगण्य धारा जमिनीकडे जाते, तेवढ्यावर तो इवला दिवा लागतो. टेस्टर दाखवतो तो दाबच. धारा म्हणजे प्रत्यक्ष वाहणं: दर सेकंदाला एक कूलोम प्रभार गेला तर एक अँपिअर. ‘धारा’ शब्द मला फार नेमका वाटतो, कारण वाहत नसेल तर ती धारा कसली?

आता ‘दाब’. वीज खात्याने तो कधीच रुळवलाय: उच्चदाब वाहिनी, लघुदाब ग्राहक. मुलांना टाकी आणि नळ आठवतो, हे चांगलंच. पण ‘तारेला 230 चा दाब आहे’ म्हटलं की तो एकट्या तारेचा गुण वाटतो. खरं तर तो नेहमी दोन जागांमधला असतो, घरात फेज आणि न्यूट्रलमधला. तारेवर बसलेल्या साळुंकीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्यामुळे त्या चार बोटांत विभवांतर जवळजवळ शून्य. म्हणून ती सुखरूप. ‘विभवांतर’मध्ये ते ‘अंतर’ बसलेलं आहे, फरक या अर्थाने. वयातलं अंतर म्हणतो तसं. ‘विभव’ म्हणजे सामर्थ्य, ऐश्वर्य. ‘वैभव’ त्याच घरातला.

विज्ञानशिक्षिका
वयातलं अंतर! उद्या हेच सांगते. ‘एकसर जोडणी’ही अशीच कोरडी वाटायची. मग एकदा गळ्यातल्या माळेचा सर दाखवला. धागा एका जागी तुटला की सगळे मणी गेले. तशीच दिवाळीची जुनी माळ: सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एका ओळीत, एक गेला की सगळी माळ अंधारात. त्यानंतर एकसर आणि समांतर यांत कुणी गोंधळलं नाही.

शब्दवेडा
‘शॉर्ट सर्किट’ही घ्या ताई. मुलांना वाटतं, तारेची लांबी कमी झाली. ‘लघुपरिपथन’मधल्या ‘लघु’नेही तसंच वाटतं. मुद्दा लांबीचा नाही, रोध जवळपास नाहीसा होण्याचा आहे. ओहमच्या नियमात (धारा म्हणजे विभवांतर भागिले रोध) रोध शून्याकडे नेला की धारा कुठे जाते, हे त्यांनाच काढू द्या. फ्यूजला पुस्तकात ‘वितळतार’ म्हणतात, तो मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतो.

मोटार भरणारा
मुलाचे मार्क कापू नका ताई. त्याला विचारा, स्टार्टरवर व्होल्टमीटरचा काटा कुठे होता आणि अँपिअरचा कुठे. दोन्ही काटे त्याने पाहिलेले असणार.

विज्ञानशिक्षिका
लाल रेघ खोडली. उद्या त्याला फळ्यावर ते दोन काटे काढायला लावते: एक खाली उतरलेला, एक वर चढलेला.