नुसत्या अ‍ॅपने जर्मन येईल का?

वर विचारलंय की फक्त डुओलिंगो हे भाषा शिकवणारं अ‍ॅप करून जर्मन येईल का, तर शब्द येतील, रोज बसायची सवयही लागेल पण समोरचा भरभर बोलायला लागला की त त प प होणारच, कारण अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा पर्याय समोर असतात नि आपण नुसत्या टिचक्या मारतो. त्यापेक्षा डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवर ए१ (अगदी सुरुवातीची पातळी) ते बी१ (मधली पातळी) पर्यंतचा व्हिडिओ कोर्स आहे, चक्क फुकट, तो धरा. एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघायचं (स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण इलाज नाही). आणि नामं डेर-डी-डास (नामाचं लिंग दाखवणारे, त्याच्या आधी येणारे शब्द) सकटच अँकीत, म्हणजे कार्डं करून उजळणी करायच्या अ‍ॅपमध्ये, टाका, मागाहून लिंगं वेगळी पाठ करणं म्हणजे नुसता डोक्याला ताप.