आडवा उतार आणि सुरुवातीचा फलक

व्हीलचेअरवरूनही जाता येईल अशा सुगम पायवाटांबद्दलच्या या चर्चेत कुणीतरी ‘सुगम वाट म्हणजे डोंगरावर सिमेंट ओतणं’ असा आक्षेप घेतलाय, तो मला पटत नाही. पृष्ठभाग घट्ट आणि स्थिर असला की पुरे. बारीक खडी तिच्याच भुकटीसकट नीट दाबून बसवली तर चाकं रुतत नाहीत. चढाबद्दल इथे बरंच लिहून झालंय, पण आडव्या उताराचा विषय कुणीच काढला नाही. वाट एका बाजूला कलली की व्हीलचेअर सारखी तिकडे ओढली जाते आणि ती सरळ ठेवायचा सगळा ताण एकाच हातावर येतो. माझ्या बहिणीला सरळ चढापेक्षा अशा कललेल्या पट्ट्यांनीच जास्त दमवलंय.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनींवरच्या पायवाटांसाठी २०१३ साली नियम आले. त्यानुसार नव्या किंवा बदललेल्या पायवाटेच्या सुरुवातीला लावलेल्या नव्या माहितीफलकावर लांबी, पृष्ठभागाचा प्रकार, किमान रुंदी, कमाल चढ आणि आडवा उतार द्यावा लागतो. नुसतं ‘सोपी’ किंवा ‘अवघड’ लिहिण्यापेक्षा हे आकडे कितीतरी कामाचे, कारण प्रत्येकाची ताकद आणि साधनं वेगळी असतात. जी जुनी वाट बदलणं शक्यच नाही, तिथेही असा फलक लावायला काहीच अडचण नाही. कुठवर जायचं ते जाणारा स्वतः ठरवेल.