मदत हवी आहे: दिव्यांग मुलीच्या पणजीतल्या राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईजवळचे. माझी धाकटी बहीण यंदा पणजीला कॉलेजात लागली. ती व्हीलचेअर वापरते, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व आहे.

फीची फारशी चिंता नाही, अडलंय ते राहण्यावर. हॉस्टेलची खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेर तळमजल्याच्या खोल्या पाहिल्या, तर भाडं जास्त आणि बाथरूमचं दार इतकं अरुंद की चाकं उंबऱ्यालाच अडकतात. शिवाय सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई लागणार, तिचा पगार वेगळा. कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, दिव्यांग सवलतीचा उपयोग बसमध्ये चढता आलं तर ना! रोज घरून ये-जा शक्यच नाही.

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दिव्यांगांच्या पोस्ट-मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीचा अर्ज भरतोय. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (गोवा सरकारच्या दरमहा मदतीचे) पैसे चालू असले तर ही शिष्यवृत्ती अडते का? मदतनिसाच्या पगारासाठी वेगळं काही मिळतं का? गोव्यात कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा. ताळगाव, सांताक्रुझ भागात व्हीलचेअर आत जाईल अशी खोली माहीत असली तरी कळवा. तिला शिकायचंच आहे, आणि पैशांपायी तिचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही.