पीसीएनएलनंतर (पाठीतून दुर्बिणीने मुतखडा काढल्यावर) लाल लघवी, कॉइलला (रक्तवाहिनी आतून बुजवणारी तार) पैसे नाहीत, काय करता?

जिल्ह्यातला_सर्जन: मंडळी, मुतखड्याचा तिशीतला पेशंट, पीसीएनएल करून ठणठणीत घरी गेला आणि दहाव्या दिवशी गुठळ्यांसकट लाल लघवी घेऊन परत. हिमोग्लोबिन ११ वरून ७, डॉपलर सोनोग्राफीत किडनीच्या खालच्या टोकाला स्यूडोअॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या फाटलेल्या फांदीला आलेला रक्ताचा फुगा. आमच्याकडे कॅथलॅब (एक्स-रेखाली रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करायची सोय) नाही आणि शहरातलं कोटेशन ऐकून वडील बैल विकायच्या गोष्टी करायला लागलेत. नेफ्रेक्टॉमी मी करू शकतो पण एवढ्याशा फांदीपायी अख्खी किडनी काढायची म्हणजे जिवावर येतं हो.

कॅथलॅबवाला: काढू नका! बिल फुगतं ते मायक्रोकॅथेटर (अगदी बारीक नळी) आणि डिटॅचेबल (नीट बसल्यावरच सोडायच्या) कॉइलमुळे. फांदी जरा जाड असेल तर साध्या ५ फ्रेंच कोब्रा कॅथेटरने (वाकड्या टोकाची जरा जाड नळी) जवळ पोचता येतं आणि तिथे पुशेबल (नुसत्या ढकलून बसवायच्या) कॉइलवरही भागतं. ग्लू (रक्तवाहिनी बंद करणारा डिंक) अजून स्वस्त, लिपिओडॉल या एक्स-रेत दिसणाऱ्या तेलात मिसळून देतात, पण आधी कॅथेटर ५% डेक्स्ट्रोजने धुवायचा, सलाइन किंवा रक्त लागलं की ग्लू तिथल्या तिथे घट्ट होतो, आणि मागे उलटला तर किडनीचा चांगला भाग जातो, त्यामुळे नवशिक्याच्या हातात नकोच. नुसतं जेलफोम (विरघळणारा स्पंज) काही आठवड्यांत विरतं, मग परत ब्लीड होऊ शकतं. सोबत एव्ही फिस्टुला (धमनी थेट शिरेला जोडली जाणं) मोठा असेल तर जेलफोमचा विचारही नको, तुकडे शिरेतून थेट फुफ्फुसात.

मुतखडा_स्पेशल: +१. बारीकसारीक ब्लीड बेडरेस्टवर थांबतात, मार लागून फाटलेल्या किडन्यासुद्धा बऱ्याचदा तशाच सावरतात, पण इथे स्यूडोअॅन्युरिझम दिसलाय आणि हिमोग्लोबिन ४ ग्रॅम खाली आलंय, वाट बघू नका. थ्री-वे कॅथेटर (मूत्राशय धुता येणारी लघवीची नळी) टाकून गुठळ्या काढा, रक्त चढवा. ट्रॅनेक्झामिक (रक्तस्राव थांबवायचं औषध) देणार असाल तर गुठळी युरेटरमध्ये (किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत) अडकून कळ येऊ शकते हे डोक्यात असू द्या.

समाजसेवा_विभाग: सर, बैल विकायच्या आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला सरकारी योजनेचा मदतनीस) गाठा, महात्मा फुले योजनेत पॅकेज बसतंय का तो सांगेल. नाही बसलं तर धर्मादाय हॉस्पिटल. तिथे १०% खाटा निर्धनांना मोफत आणि १०% सवलतीत द्याव्याच लागतात, पण आपणहून कोणी सांगत नाही, काउंटरवर "बेड फुल" ऐकून नातेवाईक माघारी येतात. रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हातात ठेवून थेट तिथल्या समाजसेवकाला भेटायला सांगा.

जिल्ह्यातला_सर्जन: दाखल्यासाठी भाऊ तहसीलला गेलाय. रक्ताची पहिली बॅग चालू आहे. कॅथलॅबवाले, क्रिएटिनिन १.८ आहे, म्हणजे किडनीवर ताण दिसतोय, पाठवण्याआधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) करू का?

कॅथलॅबवाला: नको, डॉपलर पुरे. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या दिसायला देतात ते, किडनीला जड जाणारं औषध) आमच्यासाठी राखून ठेवा. दुसरी बॅग क्रॉसमॅच करून (पेशंटच्या रक्ताशी जुळवून) अँब्युलन्समध्ये द्या.